पांढऱ्यातला पांढरा

गृहस्थाश्रमातील कित्येक मोठे प्रश्न क्षुल्लक वेष धारण करून येतात. घराच्या भिंतीस कोणता पांढरा रंग द्यावा, हा त्यांपैकीच एक. पांढरा तो पांढरा, त्यात निवडावयाचे ते काय, असे आम्हीही तीन वर्षांपूर्वी मोठ्या ठसक्याने म्हटले होते. आणि त्या एका वाक्यापायी आमचे माजघर जवळजवळ वर्षभर ओस पडले. चूक आमची, तेव्हा तिची हकीकत सांगण्याचा अधिकारही आमचाच.

आमचे घर पुण्यातील जुन्या पेठेतले. दोघां भावांची कुटुंबे, मुले, सुना, नातवंडे मिळून अकरा माणसे. माजघराच्या खिडक्या उत्तरेकडे. दिवेलागणीनंतर सर्वांनी तेथे टेकावे, वहिनींनी भाजी निवडावी, मुलांनी धडे वाचावेत, हा जुना परिपाठ. भिंतींना पूर्वी चुन्यात किंचित पिवडी मिसळून हात दिलेला असे. तो आम्हांस मळकट वाटे. रंगकाम निघाले तेव्हा रंगाऱ्याने पुढे केलेल्या तक्त्यातील सर्वांत शुभ्र चौकोनावर आम्ही बोट ठेविले आणि जोडीस लख्ख पांढऱ्या उजेडाचे दिवे लाविले. वहिनी एवढेच म्हणाल्या, “भावोजी, थोडा सायीसारखा असता तर?” आम्ही स्वच्छतेवर एक लहानसे व्याख्यान देऊन त्यांस गप्प केले.

रंग वाळला आणि माजघराला इस्पितळाची कळा आली. प्रथम मुले आपापल्या खोल्यांत पांगली. आम्ही मोबाइलला दोष दिला. मग वहिनी भाजीचे ताट घेऊन मागल्या अंधाऱ्या पडवीत बसू लागल्या. आम्ही वयास दोष दिला. अखेरीस एके दिवशी विचारले, तेव्हा त्या हलकेच म्हणाल्या, “ती भिंत डोळ्यांत खुपते हो. पण तुम्ही हौसेने दिलेला रंग, बोलायचे कसे?” नेत्रवैद्यांकडे नेले, तो दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. मोतीबिंदूमुळे डोळ्यात शिरणारा प्रकाश विखुरतो आणि लख्ख उजेड असह्य होतो. म्हणजे त्यांची ती तक्रार भिंतीविषयी जितकी होती, तितकीच डोळ्यांविषयीही होती. आणि आम्ही तिला व्याख्यानाने उत्तर दिले होते!

ज्याने उभा जन्म संस्कृत शिकविले, त्याने तरी पांढऱ्यास एकच समजावयाचे नव्हते. अमरसिंहाने आपल्या कोशात शुक्ल, शुभ्र, श्वेत, सित, धवल अशी दहाहून अधिक नावे एका ओळीने दिली आहेत, आणि पांडु, पांडुर यांची पंगत त्यांच्या शेजारीच पण निराळी मांडिली आहे. पांडु म्हणजे पिवळसर छटेचा पांढरा. आमच्या स्वयंपाकघरास हा भेद कोशाविनाच ठाऊक आहे. म्हशीचे दूध पांढरेफेक आणि गाईचे पिवळसर, ही ओळख घरातल्या कोणत्याही बाईस पातेले पाहताच पटते.

दुसऱ्या खेपेस आम्ही विद्यार्थी झालो. उत्तरेच्या खिडकीतून आपल्याकडे बहुतेक वर्षभर थेट ऊन येत नाही. येतो तो आकाशाचा निळसर उजेड. शुभ्र भिंत तो निळेपणा जशाचा तसा परत करते, म्हणून अशी खोली थंड व उदास भासते. तीत पिवळसर झाक असलेला पांढराच शोभतो. पश्चिमेच्या खोलीत उलट प्रकार. तेथे सायंकाळचे ऊन स्वतःच पिवळे असते. त्यावर सायीचा रंग दिला तर तो लोण्याचा होतो, म्हणून झाक अगदी अल्प हवी. शिवाय चारी भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात. त्यामुळे तक्त्यावर फिका वाटणारा रंग खोलीत गडद होतो. मनास आलेल्या छटेहून एक पायरी फिकी घ्यावी, ती याचसाठी.

रंगाची दडलेली झाक पाहावयाची तर शेजारी कोरा पांढरा कागद धरावा. गुलाबी, हिरवट की पिवळा, ते तत्काळ उघड होते. आम्ही तीन मोठ्या पुठ्ठ्यांस दोन दोन हात दिले, वाळू दिले, आणि ते सागवानी दाराजवळ व शहाबादी फरशीलगत उभे केले. सकाळी सात, दुपारी बारा, सायंकाळी पाच आणि दिवे लागल्यावर, असे चार वेळा दोन दिवस पाहिले. त्याआधी दिवे मात्र बदलले. खोक्यावर 6500 केल्विन लिहिलेला दिवा निळसर, आणि 2700 ते 3000 चा उबदार पिवळसर. दिवा न बदलता रंग निवडणे म्हणजे चष्मा न पुसता पुस्तकास नावे ठेवणे होय.

तोवर वहिनींच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्यांनी एक एक डोळा झाकून पुठ्ठे पाहिले आणि हसून म्हणाल्या, “भावोजी, या डोळ्याला पांढरा, त्या डोळ्याला पिवळा. खरा कुठला?” वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळे पडते व निळा प्रकाश अडविते, नवे भिंग बसविले की निळे पुन्हा दिसू लागते. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या एका डोळ्याची अशी शस्त्रक्रिया 1923 साली झाली, तेव्हा बदललेल्या रंगांनी तोही गोंधळून गेला होता. मग आमच्या सहा वर्षांच्या नातीची भिंत आणि आमची भिंत एकच, हे तरी कशावरून?

वहिनींच्या प्रश्नास आम्हांस उत्तर सुचले नाही. निर्णय मात्र सुचला. खोलीत ज्याचा दिवस सर्वाधिक जातो, त्याच्या डोळ्यांस निववील तो रंग खरा. वहिनींनी मधला पुठ्ठा उचलला. रंगाऱ्याच्या यादीत त्याचे काही भारदस्त नाव होते. आमच्या घरी त्यास ‘सायीचा’ म्हणतात.

आता दिवेलागणीस माजघरात पुन्हा ताट येते. मुले मोबाइल घेऊनच येतात, पण येतात. आणि वहिनी एखादी गोष्ट हळू आवाजात बोलू लागल्या, तर आम्ही व्याख्यानास प्रारंभ करण्यापूर्वी ती दोनदा ऐकतो.