धूर कुणी मोजला?

आमच्या गावात निर्धूर चुली आल्या 1986 साली. केंद्र सरकारची ती योजना 1983-84 मध्ये सुरू झाली आणि 2002 मध्ये बंद पडली. देशात तीन कोटींच्या वर चुली बसवल्या असं कागद सांगतात. पुढं शहाण्या माणसांनी निकाल दिला, की खेड्यातल्या बायकांना नवं काही वापरता येत नाही, त्यांनीच चुली मोडल्या. हे मी सभेत ऐकलंय आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेलीय. म्हणून आमच्या घरची हकीकत सांगतो.

दोन माणसं आली आणि तासाभरात चूल बसवून गेली. दोन भोकांची चूल, मागं सिमेंटची नळी. ती नळी कौलातून वर काढायची सोडून त्यांनी भिंतीतून आडवी काढली आणि वळचणीखालीच सोडून दिली. वर न्यायची तर कौलं उतरावी लागतात, जादा नळी लागते, वेळ जातो. टोपी नाही, सांधे लिंपलेले नाहीत. आठ दिवसांनी साहेब कागद घेऊन आले. ‘चूल समाधानकारक चालते’ असं त्यावर छापूनच आणलेलं. घरात दहावी शिकलेला मी एकटा. मी सही केली. पेटलेली चूल बघायला साहेब आत गेले नाहीत, मीही गेलो नाही.

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा नळीत शिरायचा आणि सगळा धूर उलटा घरात. आई म्हणाली, “आरं, धूर घरातच यायचा व्हता, तर भिताडाला भोक कशापायी पाडलं?” मी म्हटलं, “सरकारी चूल हाय, तुला नीट पेटवता येत न्हाई.” जन्मभर विस्तव सांभाळलेल्या बाईला मी हे ऐकवलं. तीन पावसाळे तिनं तो धूर खाल्ला.

चौथ्या उन्हाळ्यात एकदाचा मी नळीला हात घातला. आतून अर्धी पाटी काजळी निघाली आणि चिमणीचं घरटं. बाजारातून नळ्या आणल्या, कौलं उतरवून नळी सरळ उभी केली आणि आढ्याच्या वर दोन फूट काढली. गरम धूर हलका, तो वर ओढ घेतो. नळी जेवढी उंच आणि सरळ, तेवढी ओढ जास्त. सांधे माती-शेणानं लिंपले, वर पत्र्याची टोपी बसवली, खाली काजळी काढायला झाकण ठेवलं. आईला सांगितलं, दुसरं भोक मोकळं ठेवू नको, भांडं नसलं तर झाकून ठेव. एवढंच शिकवायचं होतं. एका दिवसाचं काम. नळी कापताना पांढरी पूड नाकातोंडात गेली. ती ॲस्बेस्टॉसची, फुप्फुसाला घातक, हे फार वर्षांनी कळलं. चूल देणाऱ्यांनी तेही सांगितलं नव्हतं.

ती चूल पुढं बारा वर्षं चालली. मग वापरता कुणाला येत नव्हतं? बायकांना, की नळी आडवी काढणाऱ्यांना?

कुणी म्हणेल, जुनी मढी कशाला उकरता, आता गॅस आलाय. 2016 साली उज्ज्वला आली, चांगलंच झालं. पण सिलिंडर संपला की पुन्हा भरायला पैसे लागतात. आमच्याकडं अंघोळीचं पाणी आणि भाकरी आजही कितीतरी घरांत चुलीवरच होते. तेव्हा चुली मोजल्या, आता जोडण्या मोजतात. घरातला धूर तेव्हाही कुणी मोजला नाही.

मागणी साधी आहे. बसवणाऱ्याला निम्मे पैसे पावसाळा काढल्यावर द्या. तपासायला यायचं तर संध्याकाळी या, चूल पेटलेली असताना आत बसा. आणि सही घ्यायचीच, तर चुलीपुढं बसणारीची घ्या. येत नसेल तर अंगठा घ्या.

आई गेली ती खोकला घेऊनच. तो त्याच चुलीनं दिला असं मी म्हणत नाही, धूर तिच्या जन्मालाच पुजला होता. पण ते तीन पावसाळे माझ्या नावावर आहेत. माझी सही कुठल्यातरी फायलीत अजून असेल. त्या फायलीत आमची चूल समाधानकारक चालते आहे.