‘अंकुश’मध्ये मोर्चा नाही

दुर्गमधल्या पद्मनाभपुरच्या शाळकरी मुलांना अभिलाष यांनी लिहिलेली प्रार्थना पाठ असते, पण ती ज्या सिनेमातून आली तो ‘अंकुश’ त्यांनी पाहिलेला नसतो. चार बेकार तरुण, त्यांना माणसात आणणारी अनिता, तिच्यावर सामूहिक बलात्कार, आरोपींची निर्दोष सुटका, तिची आत्महत्या आणि मग चौघांनी घेतलेला सूड. प्रार्थनेच्या मागे एवढे रक्त आहे.

एन. चंद्रांचा हा पहिला चित्रपट, १९८६चा. त्याचा पूर्वार्ध मला आजही अस्वस्थ करतो. १९८२च्या गिरणी संपाने मुंबईतल्या कामकरी घरांचे कंबरडे मोडले होते, आणि रिकामपण माणसाला आतून कसे पोखरते हे इथे नाक्यावर उभे राहून दाखवले आहे. नाना पाटेकरांचा रवींद्र बोलायच्या आधीच डोळ्यांतून धुमसतो. मदन जैन, अर्जुन चक्रवर्ती, सुहास पळशीकर हे तिघे हिरो वाटतच नाहीत, आपल्याच आळीतले वाटतात. सूड घेऊन हे चौघे मोकळे सुटत नाहीत, फासावर जातात. हा दिग्दर्शकाचा प्रामाणिकपणा.

अनितावर मात्र अन्याय झाला आहे. आधी ती आदर्श, मग अत्याचारित; स्वतःची हौस, चीड, हट्ट असे तिच्या वाट्याला फारसे येत नाही. तिचे दुःख बघता बघता चौघांच्या मालकीचे होते. आणि गुन्हेगार इतके निखळ वाईट, की त्यांना मारताना प्रेक्षकाच्या मनात शंकेला जागाच उरू नये.

दुर्ग-भिलाईत राहणाऱ्याला हा सिनेमा आणखी एका ठिकाणी टोचतो. २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांना भिलाईत झोपेत गोळ्या घातल्या गेल्या. पुढच्या वर्षी १ जुलैला रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात सोळा जण गेले. नियोगी हत्येत दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७मध्ये उद्योगपतींनाही दोषी धरले, वर्षभरात उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले, आणि २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकट्या मारेकऱ्याला जन्मठेप दिली. ‘अंकुश’च्या हिशेबाने इथे सुडाला काय कमी होते? पण लाल-हिरवा झेंडा घेतलेली नियोगींची माणसे मोर्चे काढत राहिली, कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली, दल्ली राजहराचे शहीद हॉस्पिटल चालवत राहिली. त्यांचा राग रवींद्रच्या रागाहून कमी नव्हता.

चंद्रांच्या कथेत कोर्ट आणि शस्त्र यांच्या मधली सगळी जागा ओस पडली आहे. संपाने होरपळलेल्या शहरातली ही गोष्ट, तरी निकालानंतर कुणी मोर्चा काढत नाही, वस्ती रस्त्यावर येत नाही. चौघांनाच काय ते करावे लागते. पडद्यावरच्या हिंसेपेक्षा माझी मोठी तक्रार ही आहे.