कापलेल्या कंडरेची शिवण

दुकानात खोके उघडताना कटर निसटतो, काच फुटते किंवा स्वयंपाकघरात सुरी बोटावरून फिरते. जखम लहान दिसते. परंतु आतील कंडरा तुटली असेल, तर बोट वाकत नाही. अशा वेळी केवळ कातडीला टाके घालून भागत नाही.

कंडरा म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवणारी दोरी. अंगठा सोडून प्रत्येक बोट वाकविणाऱ्या अशा दोन दोऱ्या अरुंद नळीतून सरकतात. तेथे शिवलेली कंडरा नळीला चिकटून बसे. म्हणून स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले. पुढे १९६७ साली हॅरल्ड क्लाइनर्ट व सहकाऱ्यांनी तेथील तत्काळ शिवणीचे चांगले परिणाम मांडले आणि जुनी समजूत बदलली.

बनेल यांची तिरकस, एकमेकांना छेदणारी शिवण कंडरेचा रक्तपुरवठा आवळते. १९७३ मधील केसलर पद्धतीत कंडरेला पकडीत घेणारे दोन धागे छेद ओलांडतात. ती सुटसुटीत आहे. परंतु बोट स्वतःच्या बळाने हलवू लागल्यास तिची ताकद अपुरी पडू शकते. छेद ओलांडणारे धागे जितके अधिक, तितकी शिवण मजबूत, हा येथील मुख्य नियम. म्हणून चार व सहा धाग्यांच्या पद्धती आल्या. मात्र धागे वाढले की कंडरेची हाताळणी वाढते, जाडी वाढते आणि नळीत घर्षण होते. कडेने घातलेली बारीक सलग शिवण सांधा गुळगुळीत करते आणि बळही देते. त्यामुळे आज अनेक शल्यविशारद चार किंवा अधिक धागे व कडेची शिवण असा मेळ पसंत करतात.

एवढ्या बळाचा हेतू एकच : बोट लवकर हलविता यावे आणि कंडरा चिकटू नये. पहिले काही आठवडे भार धागाच वाहतो. म्हणून स्प्लिंट आणि देखरेखीखालील व्यायाम हे शस्त्रक्रियेचेच अंग आहे. जड वजन साधारण तीन महिने वर्ज्य असते.

बोट कापल्यास अंगठी काढावी, स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी. बोटाचे दोन्ही सांधे वाकतात का, बधिरता आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. शंका असल्यास काही दिवसांतच हाताच्या शल्यविशारदाकडे जावे. विलंबाने तुटलेले टोक मागे ओढले जाते. जखमी माणूस घरचा असो वा दुकानातील नोकर, त्याला पोते उचलावयास लवकर बोलावू नये. उत्तम शिवणही त्या घाईपुढे टिकत नाही.