कालवे विकणाऱ्याचे घर



रेल्वेची नोकरी हा मनमाडच्या आपल्या कित्येक घरांचा आधार होता. आजोबा गँगमन, वडील वर्कशॉपात, अशी आपली पिढ्यांची ओळख. आता तशा नोकऱ्या सहज मिळत नाहीत. मग मुले म्हणतात, स्टेशनबाहेर वडापावची गाडी लावू, छोटीशी खानावळ काढू. घरातले वडीलधारे हळूच विचारतात, "आपल्या हातचे लोक खातील का?" आणि कुणीतरी सल्ला देतो, "पाटीवर आडनाव लिहू नका."

ही भीती खोटी नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी याच मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे म्हणणे आपल्याला ठाऊक आहे. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. अस्पृश्याला पोर्टर म्हणून घेत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचेही काम करावे लागते आणि मास्तरला त्याचा स्पर्श चालत नाही. म्हणजे हाताला विटाळ मानला, की रोजगाराचे दार बंद!

म्हणूनच एका काळ्या माणसाची आणि त्यांच्या कुटुंबाची हकिकत सांगावीशी वाटते. ते कालवे विकत. कालव म्हणजे समुद्राच्या खडकाला चिकटून राहणारा, दोन शिंपांमधला जीव. कोकणात त्याचे कालवण करतात. आपल्या कोरड्या मुलखात तो दिसणेही कठीण. पण दोनशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क शहरात हमालापासून सावकारापर्यंत सगळे कालवे खात.

थॉमस डाउनिंग यांचा जन्म १७९१ साली व्हर्जिनियातल्या चिंकोटीग बेटावर झाला. आईवडील गुलामीतून मुक्त झालेले. पोरवयातच ते पाण्यात उतरून कालवे काढायला शिकले. पुढे फिलाडेल्फियात रिबेका वेस्ट यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि १८१९ साली हे जोडपे न्यूयॉर्कला आले. थॉमस यांनी एक लहान होडी घेतली. रोज नदी ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर जायचे, लांब चिमट्यांनी कालवे काढायचे आणि शहरात आणून विकायचे. चार पैसे गाठीला बांधून १८२५ साली त्यांनी ब्रॉड स्ट्रीटवर, बँका आणि पेढ्यांच्या वस्तीत, स्वतःची खानावळ काढली. तेव्हा न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पुरती संपलेलीही नव्हती. ती ४ जुलै १८२७ रोजी संपली.

त्या काळी कालवांची दुकाने म्हणजे तळघरातले कळकट गुत्ते. डाउनिंग यांनी गालिचे अंथरले, आरसे लावले, झुंबर टांगले. घरंदाज बायकाही नवऱ्याबरोबर तिथे येऊ लागल्या. उत्तम माल मिळावा म्हणून ते रात्रीच होडीने जाऊन येणाऱ्या गलबतांना गाठत. १८४२ साली न्यूयॉर्कने चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकाचा मोठा सत्कार केला, तेव्हा मेजवानीचे कंत्राट डाउनिंग यांनाच मिळाले. दुकान त्यांच्याच नावाने ओळखले जाई. नाव लपवावे लागले नाही.

मग सगळे मिळाले का? नाही, वाचकहो. आपल्याकडे हातचे खात नव्हते, तिथे हातचे चवीने खात. पण शेजारी बसू देत नव्हते. त्यांच्या टेबलांवर गोरेच गिऱ्हाईक बसे. आणि याच थॉमस डाउनिंग यांना गोऱ्यांच्या डब्यात बसले म्हणून रेल्वेच्या माणसांनी मारहाण केली. ते कोर्टात गेले, पण निकाल विरुद्ध लागला. मतदानाचेही तसेच. १८२१ च्या राज्यघटनेने काळ्या पुरुषाला मतासाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट घातली होती. डाउनिंग ती अट पुरी करू शकत होते. तरीही ही अटच जावी म्हणून ते गरीब भावांसाठी लढले.

खरी गोष्ट पुढे आहे. वर साहेब लोक जेवत, आणि दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना खाली त्याच घराच्या तळघरात आसरा मिळे, असे सांगितले जाते. पैसा आला तसा तो काळ्या मुलांच्या शाळेकडे, गुलामगिरीविरोधी चळवळीकडे वळला. त्यांना पाच मुले. थोरला जॉर्ज काळ्या मुलांसाठी काढलेल्या आफ्रिकन फ्री स्कूलमध्ये शिकला. मोठेपणी त्याने ऱ्होड आयलंड राज्यात हॉटेलचा धंदा केला. तिथे काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत बसवत. त्याविरुद्ध त्याने अनेक वर्षे झुंज दिली आणि १८६६ साली ती वेगळी शाळा कायद्याने बंद झाली.

त्याच वर्षी ९ एप्रिलला अमेरिकेच्या संसदेने काळ्या माणसाला नागरिक मानणारा कायदा मंजूर केला. दुसऱ्याच दिवशी, १० एप्रिलला, थॉमस डाउनिंग वारले. आयुष्यभर शहराला जेवू घालणारा माणूस कायद्याने जेमतेम एक दिवस नागरिक म्हणून जगला! त्यांच्या अंत्यविधीसाठी न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांच्या चेंबरने आपले काम बंद ठेवले.

पुढे १९१३ साली बाबासाहेब याच न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. धंदा आणि शिक्षण ही दोन वेगळी वाटा नाहीत, हेच डाउनिंग यांच्या घरानेही दाखवले.

तेव्हा बंधुभगिनींनो, मुलगा गाडी लावतो म्हणाला तर त्याला अडवू नका. माल ताजा ठेवा, भांडी चकचकीत ठेवा, हिशेब वहीत लिहा. घरातल्या बाईचे श्रमही त्या वहीत मांडा. पाटीवर स्वतःचे नाव लिहा. एखादे गिऱ्हाईक नाव वाचून पुढे गेले, तर जाऊ द्या. चव ओळखणारे दुसरे येईल. मात्र गिऱ्हाईक वाढले म्हणजे मान मिळाला, असे समजू नका. गल्ल्यातला पहिला वाटा मुलीच्या-मुलाच्या फीसाठी आणि दुसरा वस्तीतल्या अडलेल्या घरासाठी काढून ठेवा. चांगल्या मालाने गिऱ्हाईक मिळेल. हक्क मिळवायला मात्र शिकावे आणि एकजुटीने लढावे लागेल.