कॉटखालचा लातूर पॅटर्न

तुमच्या कॉटखाली आत्ता काय आहे, जरा वाकून बघा. लातूरच्या ट्यूशन एरियात राहत असाल किंवा नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगरात, उत्तर फारसं वेगळं नसणार. घरून आणलेली पत्र्याची ट्रंक, चिवड्याचा रिकामा डबा, एकच चप्पल, आणि मागे पार भिंतीपर्यंत कागद. अकरावीचे मॉड्यूल, टेस्ट सिरीजचे पेपर, पहिलं पान गायब झालेल्या झेरॉक्स नोट्स. दहा बाय दहाची खोली, त्यात तिघं, आणि तिघांच्या तीन दोऱ्यांवर कपडे.

आवराआवरीवर सल्ले भरपूर मिळतात. जपानच्या मारी कोंडो यांचा कार्यक्रम २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि हातात घेतल्यावर आनंद देईल तेवढीच वस्तू ठेवायची, हा त्यांचा नियम घरोघरी पोचला. आता रोटेशनल मोशनचं मॉड्यूल हातात घेऊन आनंद कुणाला होणार? कपाटभर खरेदी करणाऱ्यांना तो नियम ठीक आहे. आपली अडगळ खरेदीतून आलेलीच नाही. ती "असू दे, लागंल कधीतरी" यातून आली आहे.

आणि हे वाक्य इथं कुणी उगाच बोलत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात ज्या घरात जुने ड्रम, हंडे, कॅन जपून ठेवलेले होते, ते घर शहाणं ठरलं. अशा घरातल्या पोराला 'टाकून दे' म्हणणं सोपं नाही.

पण कागदाचं तसं नसतं. नोट्स शिळ्या होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नीटचा अभ्यासक्रम बदलला, रसायनशास्त्रातले सॉलिड स्टेट, पॉलिमर्ससारखे धडे वगळले गेले. त्याआधीचं मॉड्यूल धाकट्या बहिणीसाठी जपलं असेल, तर तिला आता परीक्षेत नसलेलंच वाचायला देताय. चालू अभ्यासक्रम समोर घेऊन बसा, गेलेले धडे फाडून काढा, उरलेला गठ्ठा गावाकडे न्या. त्याआधी तिला एक फोन मात्र करा. तिला कदाचित डॉक्टर व्हायचंच नसेल, आणि तिला तसं कुणी विचारलेलंही नसेल.

खरी अडचण सोडवलेल्या पेपरांची. लातूर पॅटर्न उभाच सरावावर राहिला. पेपरावर पेपर, पुन्हा पेपर. चुका कळल्या की त्या पेपरचं काम संपतं. तरी आपण तो ठेवतो, कारण त्यावर लाल शाईत ७२० पैकी ३१० असं लिहिलेलं असतं. रिपीटरच्या खोलीत तर मागच्या वर्षीचेही गठ्ठे. म्हणजे रोज रात्री आपण आपल्याच मार्कांवर गादी टाकून झोपतो. हे आम्हाला पसाऱ्यापेक्षा वाईट वाटतं. चुकलेले प्रश्न एका वहीत उतरवून घ्या आणि बाकी सगळं रद्दीवाल्याला द्या. तिघांच्या चहाचे पैसे तरी सुटतील.

खोली आवरली की मार्क वाढतात, असं आम्ही म्हणणार नाही. पण माळ्यावरची जड ट्रंक झोपायच्या जागेच्या बरोबर वर असेल, तर ती आजच खाली काढा. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैत हिंगोलीकडच्या भूकंपाचे धक्के नांदेडलाही जाणवले, आणि १९९३ ची किल्लारीची पहाट आपल्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही.

घरमालकांनाही एक सांगणं आहे. भाडं माणशी घेता ना? मग माणशी एक फळी आणि चार खुंट्या पण द्या. भिंतीला एक खिळा ठोकला म्हणून डिपॉझिट कापायचं, आणि वर पोरं पसारा करतात म्हणायचं, हे काही बरोबर नाही.

मुहूर्त शोधू नका. रविवारची टेस्ट झाली की संध्याकाळी तासभर बसा, आणि तिघांनी मिळून बसा. एकट्यानं आवरलं तर दुसऱ्या दिवशी "माझा पेपर कुठं टाकलास?" यावरून भांडण ठरलेलं. पाण्याचा ड्रम तेवढा राहू द्या.