शेर्पा हे हुद्द्याचं नाव नाही

दर मे महिन्यात आपल्याकडे एक बातमी ठरलेली असते : अमक्या तालुक्याच्या सुपुत्राने एव्हरेस्ट सर केलं. मग मिरवणूक, फ्लेक्स, सत्कार, रील्स. बातमीच्या तळाशी कधीतरी एक वाक्य येतं, ‘सोबत शेर्पा होते’. किती होते, त्यांची नावं काय, हे कुणी विचारत नाही. मला या वाक्याचा राग येतो.

शेर्पा म्हणजे हमाल नव्हे, गाइडही नव्हे. काही शतकांपूर्वी तिबेटातून येऊन नेपाळच्या सोलुखुंबू भागात वसलेला तो एक समाज आहे. ‘शर’ म्हणजे पूर्व, ‘पा’ म्हणजे लोक. त्यांची स्वतःची भाषा आहे, गोंपा आहेत, याक आहेत, बटाट्याची शेतं आहेत. मुलांना अनेकदा जन्मवाराचं नाव देतात : दावा सोमवारचा, पासांग शुक्रवारचा, पेम्बा शनिवारचा. आपलं एव्हरेस्ट हे त्यांचं चोमोलुंग्मा, देवीचं ठाणं. शिखरं ‘सर’ करण्याची हौस बाहेरून आली आणि त्यांच्यासाठी रोजगार बनली. गावाशेजारचं खुंबिला शिखर मात्र ते पवित्र मानतात, म्हणून त्यावर चढत नाहीत.

एव्हरेस्टच्या वाटेवर खुंबू हिमप्रपातात दर हंगामाआधी शिड्या आणि दोर लावतात ते हेच लोक. १८ एप्रिल २०१४ रोजी तिथे हिमकडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार गेले, त्यातले बहुतेक शेर्पा. सरकारने आधी अंत्यविधीसाठी ४० हजार नेपाळी रुपये देऊ केले. शेर्पांनी काम थांबवलं, आणि नेपाळच्या बाजूचा हंगाम जवळपास बंदच पडला. ते नसतील तर कोण किती वर जातं, हे तेव्हा दिसलं.

‘त्यांना पैसे मिळतात की!’ मिळतात, आणि मिळायलाच हवेत. पण पैसे दिले म्हणून नाव खोडायचा हक्क मिळत नाही. सिनेमाच्या शेवटी लाइटमनचंही नाव येतं.

जानेवारी २०२१मध्ये के-टू शिखरावर हिवाळ्यात पहिल्यांदा माणसं पोहोचली. दहाही जण नेपाळी, त्यातले नऊ शेर्पा. तेव्हा ते कुणाच्या ‘सोबत’ नव्हते.

आपल्या गिर्यारोहकांचे कष्ट मी नाकारत नाही. मागणी एवढीच : पुढच्या मे महिन्यात फ्लेक्सवर दुसरंही नाव छापा, त्याच आकारात. आणि रील फॉरवर्ड करण्याआधी कमेंटमध्ये विचारा, दोर कुणी लावला होता?