घसारा वहीत, धोका दारात

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही, आणि धोक्याचे मूळ तेथेच आहे. बिले निघत राहिली, पगारपत्रके छापली गेली; चालते आहे ते चालू द्यावे, हा छोट्या व्यावसायिकांचा जुना न्याय पुन्हा खरा वाटू लागला.

हा न्याय किती फसवा आहे, हे २०१७ साली जगाने पाहिले. त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने सुमारे १५० देशांतील संगणकांना कुलूप घातले; इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. वस्तुतः ती फट बुजविणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. तेव्हा औषध घरात असून अनेकांनी घेतले नाही. आता जादा पैसे भरल्याखेरीज ते मिळणारच नाही.

तथापि सारा दोष व्यावसायिकाच्या माथी मारणे योग्य नव्हे. ‘विंडोज ११’ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-योजना आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. परिणामी कितीतरी धडधाकट यंत्रे अपात्र ठरली. व्यवसायांसाठी जाहीर झालेला मुदतवाढीचा दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो. तीन वर्षांचे ४२७ डॉलर भरूनही यंत्र जुने ते जुनेच.

खरा प्रश्न हिशेबाचा आहे. आयकराच्या नियमांनुसार संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरता येतो. शंभर रुपयांच्या यंत्राची वहीतील किंमत पाच वर्षांत आठ रुपयांच्या आत येते. कर वाचतो, परंतु त्या नोंदीइतकी रक्कम बाजूला ठेवणारे दुकानदार विरळा. मग अनेक वर्षे आधी जाहीर झालेली तारीखही अचानक कोसळल्यासारखी भासते.

उपाय अवघड नाहीत. प्रथम सर्व यंत्रांची यादी करावी. काहींमध्ये ‘टीपीएम’ असूनही ते केवळ बंद ठेवलेले असते. पात्र यंत्रे आधी सुधारावीत, तीही एकेक करून आणि माहितीची वेगळी प्रत काढल्यानंतरच. पत्रव्यवहारापुरत्या यंत्रांना विनामूल्य लिनक्स पुरेसे आहे. टॅलीसारखी हिशेबप्रणाली मात्र विंडोजसाठी बनलेली असल्याने तेथे नव्या यंत्राचा खर्च सोसावा लागेल. उरलेल्यांचे इंटरनेट तोडावे.

या निर्णयात कारकुनाला विचारात घेणे अगत्याचे आहे. हिशेब नष्ट झाले तर पहिला जाब त्यालाच विचारला जातो. यंत्र बदलण्याचा अधिकार मात्र मालकाकडे असतो. तो मालकाने वेळीच वापरावा आणि यंदापासून घसाऱ्याच्या नोंदीबरोबर थोडी रक्कमही बाजूला काढावी.